चौथ्या आवृत्तीची बाही

"हाताची कर कळी बाई, कळी मिटून राहू दे,
काच हिरवं पाखरू, मनगटी येऊ दे…"

हा आवाज मैथिलीच्या कानात बसला तेव्हा ती सहा वर्षांची होती. शेवगावच्या कासार गल्लीत, दुकानाच्या पायरीवर, आईच्या मांडीत बसून तिनं उजवा हात पुढं केला होता आणि भीतीनं मूठ गच्च आवळली होती. सगुणाकाकू रासन्यांनी मूठ उघड म्हणून सांगितलं नाही. त्यांनी आपला ऊबदार हात तिच्या हाताखाली घातला, अंगठ्याच्या मुळाशी हलकं दाबलं आणि ओवी धरली. दुसरी ओळ संपेस्तोवर हिरवी काच मनगटावर किणकिणत होती. रडायचं ठरवलेलं, ते राहूनच गेलं.

कासारणीच्या तोंडी बांगडी कधी फुटत नाही, ती वाढते. फुटणं हा शब्द दुकानाच्या उंबऱ्याआत यायचा नाही. आणि सगुणाकाकूंची ख्याती अशी, की चाळीस वर्षांत नवरीच्या चुड्यातली एक बांगडीदेखील त्यांच्या हातून वाढली नाही. हे त्या स्वतः सांगत नसत. गल्लीतल्या बायका सांगायच्या, आणि काकू तेवढ्यापुरत्या काहीतरी शोधायला आत जायच्या.

बत्तीस वर्षं उलटली. माघातल्या एका मंगळवारी सकाळी पुण्यात मैथिली खिडकीशी चहा घेत होती आणि आईचा फोन आला. आई आधी हवेबद्दल बोलली, मग गुडघ्याबद्दल, मग गावात आलेल्या बिनचालकाच्या गाडीबद्दल, जी कुत्रं आडवं आलं की अर्धा तास उभी राहते. शेवटी, फोन ठेवता ठेवता म्हणाली की सगुणाकाकूंनी दुकान बंद केलं.

कारण विचारलं तर आई आधी टाळत राहिली. मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. मार्गशीर्षात औताडेंच्या प्रणालीचं लग्न होतं. चुडा भरायला काकूच बसल्या. पोरीचा हात थरथरत होता, नवरीचा थरथरतोच. काकूंनी ओवी धरली, बांगड्या अंगठ्याच्या सांध्यावर आल्या, आणि तिथंच काकूंची मूठ मिटली. मिटली ती उघडेना. सहा बांगड्या त्या मुठीत वाढल्या आणि काच पोरीच्या अंगठ्याच्या मुळाशी रुतली. टाके पडले. लग्न लागलं, पण अंगठा वाकत नाही. प्रणाली नगरला एका प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम करायची. आता तिथंच पुढच्या टेबलाशी बसून येणाऱ्यांची नावं लिहून घेते.

"काकूंनी बाही घातली होती?" मैथिलीनं विचारलं.

"घातली होती. पण कुणाला सांगू नको म्हणून मला शपथ घातलीय त्यांनी. म्हणाल्या, मैथिलीचं नाव मध्ये यायला नको."

चहावर साय धरली तरी मैथिली तिथंच बसून होती.

ती बाही तिनंच दिली होती, सहा वर्षांपूर्वी. काकूंना तेव्हा कंपवाताचा त्रास सुरू झाला होता. बशीतला चहा सांडायचा, कुंकू लावताना बोट भुवईवर जायचं. मैथिली त्या काळात 'सावर' नावाच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेली. सावर म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत चढवायची पातळ बाही. तिच्यात स्नायूंची हालचाल टिपणाऱ्या पट्ट्या असत आणि एक नखाएवढी चिप. कापरा हात एका ठरावीक तालात हलतो, सेकंदाला पाच-सहा हेलकावे. बाही तो ताल शिकून घ्यायची, आणि हात उजवीकडं झुकायच्या आत डाव्या बाजूच्या स्नायूला बारीक झटका द्यायची. झोका परत येताना समोरून हलकं बोट लावलं की त्याचा जोर जसा मोडतो, तसं.

या बाहीचं सॉफ्टवेअर कुण्या कंपनीच्या मालकीचं नव्हतं. ज्याला हवं त्यानं घ्यावं, आतलं वाचावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं. गावच्या विहिरीसारखं. पण विहिरीचा गाळ कुणीतरी काढावा लागतो. सावरचा गाळ काढणारे एके काळी अकरा जण होते. हळूहळू कुणाला नोकरी लागली, कुणाला मूल झालं, कुणी कंटाळलं. शेवटी उरले दोघं: पुण्यात मैथिली आणि मालेगावात आरिफ. दोघंही पोटाची कामं सांभाळून, सुट्टीच्या दिवशी हे करत.

दोन वर्षांपूर्वी नवी चिप आली आणि तिच्यासाठी पाचवी आवृत्ती लिहून झाली. चौथी आवृत्ती जुन्या बाह्यांवर चालत होती, पण दोघांना दोन्ही झेपेनात. तेव्हा त्यांनी चौथीचा आधार काढून घेतला. आधार काढला म्हणजे काही बंद पडत नाही, हीच त्यातली मेख. बाही आदल्या दिवशी चालत होती तशीच दुसऱ्या दिवशी चालते. फक्त तिची विचारपूस थांबते. दुखलं-खुपलं तर बघणारं कुणी राहत नाही, आणि हे ज्याच्या हातावर ती आहे त्याला सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक असतं.

त्यानंतर चार महिन्यांनी एक तक्रार आली होती. कुठल्याशा दूरच्या गावातल्या आजोबांनी तापानं कुडकुडणाऱ्या नातवाचा हात धरला आणि त्यांना तो सोडवेना. मैथिलीनं शोधलं तेव्हा दोष सापडला. चौथ्या आवृत्तीतल्या बाहीला हात हलतोय एवढंच कळायचं, कुणामुळं हलतोय ते कळायचं नाही. समोरच्याचा कापरा हात धरला की तो कंप आपल्याच धन्याचा समजून ती तो थोपवायला जायची आणि पकड घट्ट करायची. समोरचा घाबरून अधिक कापला की अधिक घट्ट. पाचवीत हा दोष नव्हता. चौथीत तो पुरता काढता येत नव्हता, पण असं काही घडलं की बाहीनं गुमान बंद पडावं, एवढी सोय करता आली असती. मैथिलीनं हिशेब मांडला होता: तीन आठवडे.

तिनं संगणक उघडला. चौथ्या आवृत्तीच्या नोंदवहीत एक्केचाळीस पत्ते होते. दोष सापडल्यावर त्या सगळ्यांना तिनं तीनदा सूचना पाठवली होती, इंग्रजीत, स्वतः लिहून: बाही वापरणं थांबवा, निदान दुसऱ्याचा हात धरताना काढून ठेवा. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. तेव्हा त्या महिन्याच्या टिपणात तिनं लिहिलं होतं की चौथी आवृत्ती बहुधा कुणी वापरत नाही, दुरुस्ती करण्याची गरज नाही. खाली आरिफची संमती होती.

ती एकेक नाव वाचत खाली आली. तेविसाव्या ओळीवर 'सगुणा वि. रासने, शेवगाव' असं होतं, आणि नावापुढं पत्ता होता तो मैथिलीचा स्वतःचा. कॉलेजातला जुना.

तिला तो दिवस लख्ख आठवला. दुकानाच्या त्याच पायरीवर बसून तिनं काकूंची नोंदणी केली होती. ई-मेल विचारला तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "ते काय असतं गं? तुझंच टाक." आणि तिनं टाकलं होतं. आईचा फॉर्म भरताना टाकतो, मामांच्या गॅसचा भरताना टाकतो, तसं. आपल्याकडं कोण नाही टाकत.

त्या जुन्या ई-मेलच्या पेटीत सावरकडून येणारं सगळं एका बाजूला सारायची सोय तिनंच करून ठेवली होती. आपणच लिहिलेलं आपण कशाला वाचायचं? तिथं तिन्ही सूचना न उघडलेल्या पडून होत्या. 'प्रिय वापरकर्ते' अशी सुरुवात आणि खाली सही, मैथिली दिवटे. काकूंच्या नावानं आलेलं पत्र तिच्या घरी पडलं होतं आणि तिनं त्यावरची धूळही झटकली नव्हती. उत्तर न देणाऱ्या एक्केचाळीस जणांत ती स्वतः एक होती.

आरिफला तिनं सगळं सांगितलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला की परवान्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे, कसलीही हमी नाही.

"तो परवाना काकूंनी वाचला नाही, आरिफ. 'मान्य' हे बटणही मीच दाबलं होतं."

त्यानं विचारलं, उरलेल्या चाळीस जणांचे फोन नंबर आहेत का. तेरा जणांचे होते. तो म्हणाला, मी आत्ताच बसतो फोन लावायला. आणि खालच्या आवाजात म्हणाला, "संमती माझी पण होती."

गुरुवारी मैथिली शेवगावला उतरली. कासार गल्लीत आता कासाराचं एकच दुकान उरलं होतं आणि त्याचीही फळी लागलेली. काकू मागच्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. निवडणं कसलं, खडा टिपायला बोट जाई आणि सुपात चार दाणे उडत. चिमण्या आजूबाजूला टपून बसल्या होत्या.

"ये गं मैनाबाई," त्या म्हणाल्या. "बघ, चिमण्यांची पंगत घातलीय. मला म्हातारीला पुण्य लागतंय आपोआप."

त्यांनी चहा केला, मैथिलीला करू दिला नाही. कप बशीवर वाजत वाजत तिच्यापर्यंत आला आणि अर्धा झाला. काकू तिच्या केसांना नावं ठेवू लागल्या, तिच्या रिकाम्या मनगटांना नावं ठेवू लागल्या. पुण्यात काय काचेला बंदी आहे का, म्हणाल्या. मग आत गेल्या आणि पत्र्याच्या पेटीतून धुवट फडक्यात गुंडाळलेली बाही घेऊन आल्या.

"ही घेऊन जा. कुणा गरजवंताला होईल. चांगली आहे गं, सहा वर्षं मला तिनं सांभाळलं. माझ्याच हाताचं आयुष्य सरलं. एवढी वर्षं कुणाची वाढली नाही, वाढली ती एकदम सहा. देवानं मिजास उतरवली."

प्रणालीच्या दाराशी जाऊन आपण उंबऱ्याला डोकं टेकवून आलो, हे त्यांनी तांदळात बघत सांगितलं. प्रणालीची आई, इंदुबाई, चांगली बाई. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मैथिली सगळं सांगणार होती. एवढ्यात काकूंनीच विचारलं, "बाहीत काही बिघाड नव्हता ना गं? मला आपलं त्या वेळी वाटलं, मूठ मी मिटत नाही, कुणीतरी मिटवतंय. पण म्हातारपणी असं वाटतंच माणसाला. आपलं पाप दुसऱ्याच्या पदरात टाकावंसं."

"बघते तपासून," मैथिली म्हणाली.

दोनच शब्द, पण ते बोलताना तिला तिच्या रिकाम्या मनगटाशी काहीतरी करकचल्यासारखं वाटलं. काकू मात्र निवांत झाल्या. म्हणाल्या, उद्या औताडेंच्या धाकटीचा, पल्लवीचा चुडा आहे. नगरहून मोजणीयंत्रवाली बोलावलीय. पण गावच्या कासारणीनं पहिली बांगडी हाताला लावल्याशिवाय चुडा होत नाही, म्हणून निरोप आलाय. "नुसतं बसायला या, असा. जाईन. नाही गेले तर त्या पोरीला कायमचं कमी पडल्यासारखं होईल. तू येतेस माझ्यासोबत? गल्लीतून एकटीनं जायला पाय उचलत नाही."

शुक्रवारी दुपारी औताडेंच्या ओसरीवर बायका दाटीनं बसल्या होत्या. मधोमध नगरची बाई तिची पेटी मांडून होती. पेटीत हात घातला की आतला प्रकाश मनगट मोजी, आणि थोड्या वेळात त्याच मापाची हिरवी कडी बाहेर पडे. ती उघडून मनगटावर खट्टकन मिटवायची, झालं. ना हात चोळायचा, ना ओवी. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "हे बरंय. उद्या नवराही मापानं पाडून देतील यातनं." बायका हसल्या. काकूही हसल्या, पदराखाली दोन्ही हात घट्ट धरून.

प्रणाली भिंतीला टेकून बसली होती. तिनं काकूंना बघितलं, मान हलवली आणि उजवा हात ओढणीत घेतला.

इंदुबाईंनी तबक आणलं. काचेची एक हिरवी बांगडी, हळद, कुंकू. काकूंसमोर ठेवत त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "काकू, तुम्ही नुसतं बांगडीला कुंकू लावा. घालायची घालतील ह्या."

काकूंनी पदरातून हात काढला. तो पानासारखा हलत होता. बोट कुंकवात बुडालं आणि बांगडीपर्यंत जाता जाता तबकभर लाल ठिपके पडले. मागून कुणीतरी हळू म्हणालं, हात गेले बाईचे. त्यात कुचकटपणा नव्हता, कीवच होती, आणि काकूंची मान त्या किवेखाली वाकत गेलेली मैथिलीनं पाहिली. ज्या मानेनं चाळीस वर्षं स्वतःचं कौतुक टाळायला दुकानात आत वळून घेतलं, ती मान.

मैथिलीनं पुढं होऊन काकूंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"प्रणालीला लागलं तेव्हा काकूंनी लांब हाताच्या पोलक्याखाली एक यंत्राची बाही घातली होती," ती म्हणाली. "कंप थांबवणारी. ती मी दिली होती. मूठ काकूंनी मिटली नाही, बाहीनं मिटवली. प्रणालीचा हात कापत होता, तो बाहीला काकूंचाच वाटला आणि तिनं तो थांबवायला धरून ठेवला. काकूंचा हात चुकलेला नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही."

बायकांत कुजबुज झाली. इंदुबाई तबकाकडं बघत राहिल्या. काकूंनी हात सोडवून घेतला आणि मैथिलीच्या पाठीवर ठेवला.

"गप गं," त्या म्हणाल्या. "तेवढ्यासाठी भरल्या घरात असं बोलायचं का? यंत्रच ते. माणूस चुकतं तिथं यंत्राचं काय? तुला काय सपान पडलं होतं?"

आणि सगळ्या ओसरीनं ते उचललं. खरंच आहे, पोरीनं चांगल्यासाठीच दिली, यंत्राला कुठं डोळे असतात. सुटकेचं दार उघडं होतं. मैथिलीनं नुसती मान खाली घालून बसायचं होतं. लोकांनी तिला माफ करून टाकलं होतं, आणि तेही न मागता. काकूंचं नाव तर आता धुऊन निघालंच होतं. आणखी कुणाला काय हवं होतं?

भिंतीजवळून प्रणालीनं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

तिनं हात ओढणीतून बाहेर काढला होता. अंगठा ताठ, बाजूला पडलेला. विचारण्यात राग नव्हता. रक्त काढायला आलेल्या माणसाला, शेवटचं कधी जेवलात, असं ती विचारत असेल त्याच सुरात तिनं विचारलं. काकूंचा हात मैथिलीच्या पाठीवर तसाच होता, थरथरत, आणि ती थरथर तिच्या बरगड्यांपर्यंत जात होती.

"दीड वर्षापूर्वी," मैथिली म्हणाली. "तुझ्या लग्नाच्या वर्षाहून अधिक आधी. काकूंच्या नावाचं सावधगिरीचं पत्र मीच लिहिलं, आणि काकूंच्या नावापुढं मी माझाच पत्ता टाकला होता, म्हणून ते माझ्याकडंच आलं. मी उघडलं नाही. कुणाचं उत्तर आलं नाही, तेव्हा वापरणारं कुणी नाही असं मी लिहून टाकलं." पाठीवरचा हात स्थिर झाला की निघून गेला, तिला कळलं नाही. ती प्रणालीच्या अंगठ्याकडं बघत होती. "मला दोष माहीत होता. तो थांबवताही आला असता. तीन आठवड्यांचं काम होतं, प्रणाली. मी केलं नाही."